चुंबकावर भरवसा किती?

थर्ड इयरच्या व्हायवाला एक प्रश्न हमखास येतो. "सरफेस ग्राइंडरवर जॉब कशात धरतात?" आपण म्हणतो, "मॅग्नेटिक चकवर, सर." "कसला जॉब?" "फेरस, सर." झालं! दोन मार्क खिशात, पुढचा रोल नंबर आत. मीही हेच उत्तर दिलं आणि मार्क घेतले. या उत्तरात चुकीचं काही नाही. पण मशीनसमोर उभं राहिल्यावर ते जवळजवळ निरुपयोगी आहे, असं माझं स्पष्ट मत झालंय, आणि ते मत मला कुठल्या टेक्स्टबुकाने दिलेलं नाही. ते देवगाव फाट्यावर मिळालं.

देवगाव फाटा म्हणजे आमच्या परभणी जिल्ह्यातलं सेलू तालुक्यातलं नाक्याचं ठिकाण. जालना-मंठ्याकडून जिंतूरला जाणारा रस्ता आणि सेलूकडे फुटणारा रस्ता इथे भेटतात. फाटा म्हटला की चहाची हॉटेलं, पंक्चरवाले आणि वेल्डिंगची दुकानं आलीच. माझं आजोळ त्याच बाजूला. मागच्या उन्हाळी सुट्टीत मामांच्या ओळखीने मी तिथल्या एका वर्कशॉपमध्ये महिनाभर जात होते. एक लेथ, एक शेपर, दोन वेल्डिंग सेट आणि कोपऱ्यात गोणपाट पांघरलेला एक जुना सरफेस ग्राइंडर. चालवणारे वयस्कर मिस्त्री, त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. घरच्यांना वाटलं पोरगी सर्टिफिकेटसाठी चाललीय. सर्टिफिकेट कसलं, उस्तादांनी पहिले तीन दिवस फक्त चक पुसायला लावला!

पण त्या पुसण्यातच अर्धं शिक्षण होतं, हे नंतर कळलं.

आमच्या शाळेत सिस्टर कागदावर लोखंडाचा कीस टाकून खाली बार मॅग्नेट धरायच्या, आणि किसाच्या सुंदर कमानी उभ्या राहायच्या. मॅग्नेटिक चकवर त्याच कमानी असतात, फक्त दिसत नाहीत. चकच्या पाटावर लोखंडाच्या पट्ट्या आणि मधे पितळेसारख्या चुंबक न लागणाऱ्या धातूच्या बारीक पट्ट्या असतात. लोखंडी पट्ट्या म्हणजे पोल, एक नॉर्थ, पुढचा साउथ. हँडल फिरवलं की आतली चुंबकांची रांग सरकते. ऑफ असताना चुंबकरेषा आतल्या आत फिरून परत जातात. ऑन केलं की ती आतली वाट बंद होते, आणि रेषांना एका पोलमधून वर येऊन जॉबमधून दुसऱ्या पोलकडे जावं लागतं. म्हणजे जॉब चुंबकाला नुसता 'चिकटत' नाही, तो त्या रेषांचा पूल होतो. पूल जितका रुंद, जाड आणि फटीशिवाय, तितकी पकड जास्त.

आता फट. एखादी बर, एक कुसळ, गंजाचा पापुद्रा, कूलंटमधला चिखल... यातलं काहीही जॉबखाली आलं की हवेची फट तयार होते. हवा रेषांना फारच अवघड वाट. शिवाय रेषांना फट दोनदा ओलांडावी लागते, एकदा वर जाताना, एकदा खाली येताना. आणि ओढ फ्लक्स डेन्सिटीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे फ्लक्स अर्धा झाला की ओढ पावच उरते. म्हणून उस्ताद जॉब ठेवण्याआधी चकवरून तळहात फिरवायचे. फडक्याला न कळणारा कण तळहाताला कळतो. बर लागली तर बारीक ऑइलस्टोन, मग पुन्हा तळहात. (मशीन बंद असताना, हे सांगायला नकोच.)

इथपर्यंत कुणी म्हणेल, ठीक आहे, स्वच्छता पाळा, विषय संपला. पण माझा खरा मुद्दा पुढे आहे. चक स्वच्छ, जॉब सपाट, हँडल पूर्ण फिरवलेलं, तरीही चुंबक ज्या दिशेला धरतो आणि चाक ज्या दिशेला ढकलतं त्या दोन दिशा वेगळ्या आहेत!

चुंबक खाली ओढतो. चाक आडवं ढकलतं. आडवं धरायला चुंबकाकडे काहीच नाही, असतं ते फक्त घर्षण. फर्स्ट इयरला मेकॅनिक्समध्ये आपण तेच गणित वहीभर केलेलं आहे. समजा चुंबकाची ओढ १०० किलो. गुळगुळीत स्टीलवर गुळगुळीत स्टील, घर्षण गुणांक ०.१५ धरा. आडवं सरकायला लागणारं बळ फक्त १५ किलो. खाली कूलंटचा ओलावा असेल तर अजून कमी. हाताने जॉब उचलून बघतो, हलत नाही, म्हणून आपण खूश होतो. पण उचलून बघणं म्हणजे १०० चा आकडा तपासणं. जॉब उडतो तो १५ च्या आकड्यावर.

उस्तादांना गुणांक वगैरे माहीत नाही. ते म्हणाले, "बेटा, चुंबक खाली वढायलंय. फुडं कोन धरायचं?" आमच्या अख्ख्या युनिटचं सार दोन वाक्यांत.

फुडं धरायला टेकू. पुस्तकात त्याला ब्लॉकिंग म्हणतात, तेही एखाद्या ओळीत. जॉबच्या आजूबाजूला, विशेषतः चाक ज्या बाजूला ठिणग्या फेकतं त्या बाजूला, लोखंडाचे चांगले बैठकीचे तुकडे अगदी खेटून लावायचे. तुकड्याची बैठक जॉबपेक्षा मोठी, म्हणजे त्याची स्वतःची पकड दमदार. उंची जॉबपेक्षा थोडी कमी, म्हणजे चाक त्याला लागणार नाही. मधे फट नको, कारण फट ठेवली तर जॉब सरकून टेकूवर आदळतो आणि एकदा हलला की काम बिघडलंच.

टेकू फार बुटका असूनही चालत नाही. २० मिमी रुंद आणि ६० मिमी उंच जॉब घ्या, ओढ ४० किलो, आणि डोक्यावर आडवं बळ समजा १० किलो. खाली बुटका टेकू आहे, त्यामुळे जॉब सरकणार नाही. पण पुढच्या कडेभोवती मोमेंट घ्या. उलटवणारा ६०० किलो-मिमी, धरून ठेवणारा ४० गुणिले १०, म्हणजे ४००. जॉब कोलांटी खाणार. आणि मागची कड किंचित उचलली गेली की तिथे फट, फट आली की ओढ कमी, ओढ कमी झाली की अजून फट. बाकावरच्या व्हाइसमधला जॉब सैल झाला तर बहुतेक वेळा थरथरतो, आवाज करतो, आपल्याला ऐकू येतं. चुंबक असा निरोप देत नाही. धरलंय तोपर्यंत धरलंय, आणि सुटलं की एका क्षणात सुटलं.

सुटल्यावर वेग किती? लहान ग्राइंडरचं २०० मिमीचं चाक २८०० आरपीएमने फिरतं. कडेचा वेग काढा: सेकंदाला सुमारे २९ मीटर, म्हणजे तासाला १०५ किलोमीटर. फाट्यावरून मोकळ्या रस्त्याने जाणारी एसटीसुद्धा एवढ्या वेगात जात नाही. उडालेला तुकडा त्या वेगाच्या जवळपास जाऊ शकतो, आणि जाता जाता चाकाचा टवका काढला तर तो वेगळाच.

हे मी नुसतं कॅल्क्युलेटरवर काढलेलं नाही. तिसऱ्या आठवड्यात उस्तादांनी मला ट्रॅक्टरच्या कुठल्याशा जोडणीतली एक स्पेसर रिंग दिली. बाहेरून २५ मिमी, उंची ३० च्या आसपास, मधे भोक. म्हणजे बैठक फक्त एका बारीक कड्याएवढी, त्यातही निम्मं कडं एकाच पोलवर. मी ती ठेवली, हँडल फिरवलं, वर ओढून पाहिलं. घट्ट! टेकू शेजारच्या डब्यात होते. एवढ्याशा रिंगला काय करायचे, असं वाटलं. शिवाय रिंगचा वरचा सगळ्यात उंच भाग कुठे आहे ते न शोधताच टच घेतला. चाक लागलं, एकदाच 'टण्ण' असा आवाज आला, आणि रिंग नव्हती.

ती मशीनच्या टोकाला लावलेल्या पत्र्यात होती. मी चाकाच्या रेषेत उभी नव्हते, कारण पहिल्या दिवशी उस्तादांनी फरशीवर खडूने रेघ मारून दाखवली होती, या पट्ट्यात उभं राहायचं नाही. ओरडतील असं वाटलं. ओरडले नाहीत. मशीन बंद केलं, चाक पूर्ण थांबेपर्यंत थांबले, चाक काढून टकटक वाजवून पाहिलं आणि बाजूला ठेवून दिलं. मग पत्र्याकडे बोट केलं. माझ्या खड्ड्याशेजारी जुने तीन खड्डे होते. "हा माझा," त्यातला एक दाखवून म्हणाले, "लग्नाच्या आधीचा." नवीन चाकाचे पैसे मामांनी दिले, ते मी अजून फेडतेय.

तिथलं मुख्य काम मात्र कडबाकुट्टीच्या पात्यांना धार लावण्याचं. हे काम बघितल्याशिवाय चुंबकाची मर्यादा कळत नाही. पातं तिरकं धरावं लागतं, म्हणजे खाली तिरका ठोकळा हवा. मी हुशारी करून विचारलं, "ठोकळा लोखंडाचाच आहे, त्यावर पातं नुसतं ठेवलं तर चुंबक वरपर्यंत येणार नाही का?" येतो, पण नावाला. भरीव ठोकळा स्वतःच पूल होतो. रेषा एका पोलमधून वर येतात आणि ठोकळ्यातूनच वळून दुसऱ्या पोलला जातात, पात्यापर्यंत जायची त्यांना गरजच राहत नाही. त्यासाठी लोखंड आणि पितळेच्या पट्ट्या आलटून पालटून जोडलेले खास ठोकळे मिळतात, त्यातून पोल जणू वरपर्यंत वाढवून घेता येतात. उस्तादांकडे ते नव्हते. त्यांनी साधा उपाय केला होता. कुट्टीच्या पात्याला बोल्टची भोकं असतातच, त्याच भोकांतून पातं ठोकळ्याला आवळायचं आणि मग तो रुंद बैठकीचा ठोकळा चकवर बसवायचा, पुढे टेकू लावायचा. चुंबकाने ठोकळा धरायचा, बोल्टने पातं. ज्याचं काम त्याला.

पातळ पट्टीची गोष्ट याच्या उलट. तिथे चुंबक जास्त धरतो हीच अडचण! वाकडी पट्टी चकवर ठेवली की चुंबक तिला खेचून सपाट करतो. आपण वरून छान ग्राइंड करतो, हँडल ऑफ करतो आणि पट्टी पुन्हा कमान घेते. वर कितीही चमकली तरी वाकडी ती वाकडीच. मग खाली नेमक्या पोकळीत शिम घालून, दोन्ही बाजू आलटून पालटून, थोडं थोडं घासत जावं लागतं. अॅल्युमिनियम, पितळ आणि ३०४ स्टेनलेस तर चुंबक ओळखतच नाही. त्यांना छोट्या प्रिसिजन व्हाइसमध्ये धरून तो व्हाइस चकवर बसवायचा, किंवा चारी बाजूंनी टेकूंनी जखडायचं. कास्ट आयर्न आणि कडक केलेलं टूल स्टील चिकटतात, पण माइल्ड स्टीलइतके नाहीत. "फेरस, सर" या उत्तरात हे सगळं कुठे बसतं?

आणखी एक. आपल्याकडे अजूनही वायरिंगच्या इलेक्ट्रोमॅग्नेटिक चकला भारी समजतात. इतिहासाने तो आधीचा आहे. अमेरिकेत वूस्टरच्या वॉकरने १८९६ मध्ये मॅग्नेटिक चक आणला तो विजेचा होता. कायम चुंबकाचे चक नंतर, १९३० च्या दशकात शेफिल्डच्या जेम्स नील कंपनीच्या 'एक्लिप्स' चकमुळे रूढ झाले. विजेच्या चकची ताकद जास्त ठेवता येते, कमी-जास्त करता येते, सगळं मान्य. पण लाइट गेली की? चाक लगेच थांबत नाही, जडत्वाने बराच वेळ फिरत राहतं, आणि चकची पकड मात्र त्याच क्षणी उतरायला लागते. २००५ नंतरची लोडशेडिंगची वर्षं ज्यांनी मराठवाड्यात काढली त्यांना हे वेगळं सांगायला नको. उस्तादांनी त्या काळात स्वस्तात मिळणारा विजेचा चक नाकारला होता, तो याच कारणाने. आता इलेक्ट्रो-परमनंट चक मिळतात, त्यांना फक्त ऑन-ऑफ करताना वीज लागते, मधे लाइट गेली तरी पकड राहते. पण तिथेही आडवं धरायला घर्षणच! सीएनसीवाल्या मित्रांनी हे लक्षात ठेवावं. "आता सगळं सीएनसी आहे" हे वाक्य मी हॉस्टेलमध्ये रोज ऐकते. सीएनसी सरफेस ग्राइंडरच्या टेबलावरही बहुधा हाच चक असतो, आणि प्रोग्रामला टेकू लावता येत नाही.

कायद्याने काय केलं? १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ३० मध्ये ग्राइंडिंगच्या प्रत्येक मशीनजवळ चाकाच्या सुरक्षित कमाल वेगाची पाटी लावण्याची अट होती. चांगली अट. पण मूळ कायद्यात वीज वापरणारा कारखाना म्हणजे दहा कामगार, आणि फाट्यावरच्या वर्कशॉपमध्ये माणसं तीन. तिथे पाटी म्हणजे उस्तादांची खडूची रेघ. आणि चाकाची पाटी वाचून जॉब कसा धरायचा ते कळतही नाही.

आता आपल्या घरचं बघू. आपल्या वर्कशॉपमध्ये सरफेस ग्राइंडर आहे. आमच्या बॅचला त्याचा डेमो झाला. वीस जण गोल उभे, मागच्यांना पुढच्यांच्या पाठी दिसल्या. जॉब आधीच चकवर बसवलेला होता, म्हणजे जे शिकायचं तेच आम्ही येण्याआधी उरकलं होतं! दोन पास झाले, ठिणग्या उडाल्या, सगळे 'वाव' म्हणाले आणि जर्नलमध्ये आकृती काढायला बसले. आम्हा मुलींना तर ओढणीचं कारण सांगून अजून एक पाऊल मागे केलं. कारण बरोबर आहे, फिरत्या चाकाजवळ ओढणी नकोच. पण मग ओढणी काढून, अॅप्रनची बटणं लावून या, असं सांगता येतं. मागे उभं राहा, हा त्यावरचा उपाय नाही.

सरांची बाजू मला कळते. एक मशीन, साठ मुलं, दोन तासांचं प्रॅक्टिकल. कुणाला लागलं तर उत्तर कोण देणार? उद्या माझ्यासारखी रिंग कुणी उडवली तर? हा आक्षेप खोटा नाही, मी स्वतःच त्याचा पुरावा आहे. म्हणून प्रत्येकाला ग्राइंडर चालवायला द्या, असं मी म्हणतच नाही. माझं म्हणणं त्याहून साधं आहे. जॉब धरायला शिकवायला चाक फिरावंच लागत नाही!

मेन स्विच बंद, चाक वर घेतलेलं. चार-पाच जॉब द्या: एक रुंद प्लेट, एक उंच सडपातळ तुकडा, एक रिंग, एक पातळ पट्टी, एक ३०४ चा तुकडा. प्रत्येकाने स्वतः चक पुसावा, जॉब ठेवावा, हँडल फिरवावं. मग हुकाचा स्प्रिंग काटा लावून आधी वर ओढावं आणि मग आडवं ओढावं. लहान जॉबलाच लावावा, मोठ्याला काटा पुरणार नाही. दोन्ही आकडे लिहावेत. मग खाली एक कागद ठेवून पुन्हा, दोन कागद ठेवून पुन्हा. आलेख काढावा. शेवटी टेकू लावून तीच आडवी ओढ पुन्हा. इजा व्हायची शक्यता जवळजवळ शून्य, खर्च एका काट्याचा, आणि घर्षण, मोमेंट, मॅग्नेटिक सर्किट हे तीन विषय, जे आपण तीन वेगळ्या सेमिस्टरला तीन वेगळ्या वह्यांत पुरले, ते एका टेबलावर भेटतील. व्हायवाचा प्रश्नही बदलता येईल. "जॉब कशात धरतात?" याऐवजी हातात रिंग देऊन, "ही धरून दाखव."

जॉबसाठी मटेरियल नाही, असं उत्तर येईल हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच चौकशी केली. फर्स्ट इयरला फिटिंगमध्ये आपण सगळ्यांनी एमएसच्या प्लेटी कानस झिजेपर्यंत घासल्या, काटकोन तपासून तपासून सरांनी परत पाठवल्या, आणि सबमिशन झाल्यावर त्या गेल्या कुठे? वर्कशॉपच्या स्टोअरमागे दोन पोती भरून पडल्यात. सपाट, काटकोनी, चांगल्या बैठकीच्या. एकावर एक रचू नयेत एवढं पथ्य पाळलं तर बुटक्या जॉबसाठी याहून चांगले टेकू विकत आणायची गरज नाही. कडांच्या बर काढायला एक दुपार पुरेल, आणि आमच्या मजल्यावरच्या सहा जणींनी शनिवारी यायचं कबूल केलंय. फक्त स्टोअरकीपर काका म्हणाले, सेमिस्टर संपलं की भंगारवाला येतो. त्याच्या आधी कुणीतरी सरांची सही घ्यायला हवी.